दोन पोर्ट, चार पडदे

अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन हे माझे काम घरूनच चालते. गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल आहे आणि त्यावर चौदा इंची लॅपटॉप. देवस्थानांच्या स्मरणिका, जत्रेच्या पत्रिका, उत्सवी नाटकांची हस्तपत्रके आणि अधूनमधून एखाद्या शिक्षकाने निवृत्तीनंतर लिहिलेले आत्मचरित्र, असा हा व्यवसाय. त्यात तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात: लेखकाच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली प्रत, जुळवलेले पान आणि शब्दकोश. एका पडद्यावर या तिन्ही खिडक्या आळीपाळीने पुढे-मागे करत मी कित्येक वर्षे काढली. मात्र मागे एका स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत प्रत्येक ओळ ‘श्री.’ने सुरू होत असल्यामुळे खिडकी बदलताना माझी नजर एक ओळ खाली घसरली आणि एका गृहस्थांचे नाव छापायचे राहून गेले. त्या नावाची पुरवणी चिठ्ठी प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवताना मी ठरवले की आता जास्तीचे मॉनिटर घ्यायचेच.

मॉनिटर मिळणे अवघड नव्हते. फोंड्यात एक कार्यालय बंद होत होते, तेथून २४ इंची, १९२० × १०८० ठिपक्यांचे तीन मॉनिटर स्वस्तात मिळाले. अडचण लॅपटॉपच्या कडेला होती. एका बाजूला एक एचडीएमआय पोर्ट, म्हणजे पडद्याची तार लावायचे तोंड, दुसऱ्या बाजूला एक यूएसबी-सी आणि बाकीचे साधे यूएसबी. पहिला मॉनिटर एचडीएमआयला लावला आणि तो लगेच उजळला. दुसऱ्यासाठी मी दुकानात गेलो आणि ‘एचडीएमआय एक आहे, मॉनिटर दोन आहेत’ असे सांगितले. विक्रेत्याने क्षणाचाही विलंब न लावता स्प्लिटर काढून दिला. एक तार आत आणि दोन बाहेर, स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारी काळी डबी. सांगणाऱ्याने जे सांगितले त्याला साजेशी वस्तू त्याने दिली, म्हणून त्याला पुरता दोष देता येत नाही. पण ‘दोन्हींवर वेगवेगळे काम करता येईल ना’ असे मी विचारले होते आणि त्यावर त्याने मान डोलावली होती, हेही खरे.

घरी येऊन सगळे जोडले. दोन्ही मॉनिटर उजळले आणि दोन्हींवर तेच एक चित्र आले. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले, तरीही फरक पडला नाही. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘आयडेंटिफाय’वर टिचकी मारली. हे बटण प्रत्येक पडद्यावर त्याचा क्रमांक मोठ्या अक्षरात दाखवते. लॅपटॉपवर १ आला. डावीकडच्या मॉनिटरवर २ आला. उजवीकडच्या मॉनिटरवरही २ आला. त्या दोन सारख्या आकड्यांनी मला जे समजावले, ते खोक्यावरच्या बारीक छपाईने समजावले नव्हते: संगणकाच्या लेखी माझ्याकडे एकच मॉनिटर होता.

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याचे एक छोटे ओळखपत्र असते. त्याला ईडीआयडी म्हणतात. मी कोण, माझ्यावर किती ठिपके मावतात, मी सेकंदाला किती वेळा चित्र पालटू शकतो, ही माहिती तार जोडताच संगणकाकडे जाते आणि त्यावरून संगणक चित्र तयार करतो. स्प्लिटर मधे बसला की संगणकापुढे एकच ओळखपत्र येते. त्याने पाठवलेल्या एका चित्राच्या प्रती काढून वाटण्यापलीकडे स्प्लिटरला काही करता येत नाही. दोन मॉनिटर वेगवेगळ्या ताकदीचे असतील, तर पुष्कळ स्प्लिटर त्यांतल्या दुबळ्याचेच ओळखपत्र पुढे करतात आणि चांगल्या मॉनिटरवरही जाडेभरडे चित्र येते.

या निमित्ताने मला एक जुना प्रसंग आठवला आणि त्याचा अर्थ तेव्हा कुठे लागला. माझ्या एका मित्राच्या छापखान्यात २०११ च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप होता. त्याच्या पाठीमागे व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय असे तीन पोर्ट होते. तिन्हींना मॉनिटर लावले, तरी कोणतेही दोनच चालत. तिसरा चालू करायला गेले की यादीत दिसे, पण उजळत नसे. आम्ही तारा बदलल्या, मॉनिटर बदलले, एकदा तर व्हीजीएच्या पिना टूथब्रशने घासून पाहिल्या. दोष तारांचा नव्हताच. त्या यंत्रातला इंटेलचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर एका वेळी दोनच स्वतंत्र चित्रे तयार करू शकत असे. तिसऱ्या पिढीत, म्हणजे २०१२ मध्ये, ही संख्या तीन झाली आणि लॅपटॉपांत अकराव्या पिढीपासून चार. यंत्राचा मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, बनवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी तीन तऱ्हांचे पोर्ट दिले होते, कारण कोणाकडे कोणता मॉनिटर असेल हे त्याला ठाऊक नव्हते. गोव्यातल्या काही जुन्या घरांना पुढे तीन-तीन दारे असतात, म्हणून काही आत तीन बिऱ्हाडे राहत नाहीत.

त्या डेस्कटॉपवरचा इलाज सोपा निघाला. डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डावर मोकळी खाच असते, तिथे एक साधे ग्राफिक कार्ड बसवता येते. आम्ही मुद्दाम वेगळी वीज न मागणारे कार्ड घेतले. अशी कार्डे खाचेतूनच मिळणाऱ्या विजेवर चालतात आणि ती वीज जास्तीत जास्त ७५ वॅट असते, त्यामुळे जुन्या पॉवर सप्लायवर ताण पडत नाही. कार्ड बसवताच मदरबोर्डाचे स्वतःचे पोर्ट बंद पडले, तेव्हा मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुष्कळ बोर्ड कार्ड दिसले की अंगभूत ग्राफिक आपोआप झोपवून टाकतात. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय चालू केला आणि मग कार्डावरचे दोन व बोर्डावरचा एक असे तीन मॉनिटर एकत्र चालू लागले. ज्याच्याकडे डेस्कटॉप आहे, त्याने माझ्या मते हब आणि डॉक, म्हणजे एका पोर्टातून अनेक पोर्ट काढणाऱ्या डब्या, यांच्या नादी लागूच नये. कार्ड घालावे आणि मोकळे व्हावे.

लॅपटॉपमध्ये ती सोय नाही, म्हणून माझी नजर यूएसबी-सीकडे वळली. हा पोर्ट फसवा आहे. सगळे यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखेच असतात, पण काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होते आणि काहींतूनच चित्र जाते. लॅपटॉपची कड खिडकीच्या उजेडात धरून, चष्म्यावर भिंग ठेवून मी त्या पोर्टशेजारचे चिन्ह पाहिले. इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी बसवल्यासारखी ती खूण डिस्प्लेपोर्टची, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्र नेणाऱ्या दुसऱ्या एका जोडणीची आहे. विजेची खूण असेल तर तो पोर्ट बहुधा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचा आणि त्यातूनही चित्र जाते, मात्र काही कंपन्या तीच खूण नुसत्या चार्जिंगसाठीही वापरतात. कोणतीच खूण नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. माझ्या लॅपटॉपवर डिस्प्लेपोर्टची खूण होती. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट होताच. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी एक तार आणली आणि दुसरा मॉनिटर स्वतंत्र चित्रासह चालू झाला. लॅपटॉप १, डावा मॉनिटर २, उजवा मॉनिटर ३. मी ते ‘आयडेंटिफाय’ चारदा तरी दाबून पाहिले असेल.

अर्थात त्याआधी आणखी एक तार वाया गेली, ते सांगायला हवे. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली तार माझ्या खणात पडून होती. लॅपटॉपचे एचडीएमआय आणि मॉनिटरचे डिस्प्लेपोर्ट तिने जोडावे, असा माझा विचार होता. ती मेल्यासारखी पडून राहिली. या तारा पणजीतल्या एकमार्गी रस्त्यांसारख्या असतात. बऱ्याच संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरजेनुसार एचडीएमआयचे संकेत पाठवू शकतो, म्हणून संगणकाकडून डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशी साधी तार चालते. उलट दिशेला संकेतांचे रूपांतर करणारी चिप लागते, तिला बहुधा वेगळी वीजही लागते आणि ती वस्तू महाग असते. दुकानात तार मागताना कोणते टोक संगणकाचे आणि कोणते मॉनिटरचे, हे तोंडाने स्पष्ट सांगावे.

तिसरा मॉनिटर भिंतीला टेकून उभा होता आणि मला तो आडवा न ठेवता उभाच वापरायचा होता, कारण हस्तलिखिताचे पान उभे असते. पण आता पोर्ट संपले होते. इथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांच्यातील फरक उपयोगी पडतो. २००२ मध्ये आलेले एचडीएमआय दूरचित्रवाणी संचांसाठी घडले: एक तार, एक चित्र. भाड्याने ठरवलेल्या टॅक्सीसारखे ते एकाच घरच्या मंडळींना घेऊन जाते. २००६ मध्ये आलेले डिस्प्लेपोर्ट संगणकासाठी घडले आणि त्यात चित्र छोट्या-छोट्या पुडक्यांच्या रूपात जाते. फोंड्याहून पणजीला निघालेल्या कदंबाच्या बसमध्ये बाणस्तारीचा आणि जुन्या गोव्याचा उतारू शेजारी बसतात आणि आपापल्या थांब्यावर उतरतात, तशी वेगवेगळ्या मॉनिटरांची पुडकी एकाच तारेतून जाऊ शकतात. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ या आवृत्तीत ही सोय आली. तिचे नाव मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, म्हणजेच एमएसटी. काही मॉनिटरांना डिस्प्लेपोर्टचे बाहेर जाणारे तोंडही असते. त्यांची एकाला एक अशी साखळी लावता येते. माझ्या मॉनिटरांना ते नव्हते, म्हणून मी एका तारेतली पुडकी वेगवेगळ्या मॉनिटरांना वाटून देणारा एमएसटी हब घेतला.

बसमध्ये जागा मात्र मोजकी असते आणि हा हिशेब आधी केलेला बरा. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट; चित्रांच्या मधली मोकळी जागा धरून साडेतीन अब्ज. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या चार वाहिन्यांतून सेकंदाला १७.२८ अब्ज बिट उपयुक्त माहिती जाते. पण यूएसबी-सी हबला पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कही चालवायचे असते, त्यामुळे अनेक हब चारपैकी दोनच वाहिन्या चित्राला देतात आणि उरते ८.६४. त्यात माझे दोन मॉनिटर सात अब्जांत सुखाने बसले. हेच मॉनिटर २५६० × १४४० चे असते, तर दोघांना मिळून साडेदहा अब्जांहून अधिक लागले असते आणि एकावर तडजोड करावी लागली असती. ४के, म्हणजे ३८४० × २१६० ठिपक्यांचा, मॉनिटर एकटाच सुमारे बारा अब्ज मागतो. स्वस्त हबवर ‘४के’ असे ठळक छापलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ. सेकंदाला तीस चित्रांवर माउसचा बाण आपल्या हातामागून फरफटत येतो. सिनेमा पाहायला ते चालेल, पण दिवसभर प्रूफ तपासणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

हब जोडला. एक मॉनिटर एचडीएमआयवर, दोन हबवर, शिवाय लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. हिशेब बरोबर असूनही उभा मॉनिटर काळाच राहिला. सेटिंगमध्ये चौथा चौकोन राखाडी रंगात दिसत होता आणि तो चालू करू गेले की पुन्हा मिटत होता. तासभर तारा उपसून-खुपसून झाल्यावर मला मित्राच्या छापखान्यातला तो डेस्कटॉप आठवला. माझा लॅपटॉप इंटेलच्या दहाव्या पिढीचा, म्हणजे चित्रे तीनच. लॅपटॉपचा पडदा हाही त्यांतलाच एक, हे मी मोजलेच नव्हते. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काही करू नये असे नेमून दिले आणि झाकण हळूच खाली आणले. ते टेकता-टेकता सगळे पडदे एकदा काळे झाले, आणि दोन श्वासांनंतर भिंतीकडचा उभा मॉनिटर उजळला. पडदे टेबलावर चार आहेत, चालतात तीन, आणि कोणते तीन ते मी ठरवतो.

ज्यांच्या यंत्रात हा मार्गही बंद आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे आणि ती मी भाचीमुळे शिकलो, म्हणजे शिकणे भागच पडले. ती बंगळुरूच्या एका कंपनीचे काम घरून करते आणि तिच्याकडे २०२० मधला एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. ‘मामा, तुमचा तो हब द्या ना दोन दिवस,’ असे म्हणून ती माझा एमएसटी हब घेऊन गेली आणि संध्याकाळी परत घेऊन आली. दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र, माझ्या स्प्लिटरसारखे. मॅकओएस एमएसटीवरून वेगवेगळी चित्रे पाठवत नाही आणि त्या चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. पुढे २०२४ मध्ये आलेल्या एम३ च्या एअरवर झाकण मिटून दोन चालू लागले आणि २०२५ च्या एम४ वर झाकण उघडे ठेवूनही.

तिच्यासाठी डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर आणला. याची रीत निराळी आहे. जास्तीचे चित्र प्रोसेसरच तयार करतो, त्याला दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबीतून डेटा म्हणून पाठवतो. अडॅप्टरमधली चिप ते पुन्हा उलगडते. त्यामुळे साध्या यूएसबी पोर्टवरही मॉनिटर चालतो आणि चित्रांच्या संख्येची मर्यादा ओलांडता येते. मोबदल्यात प्रोसेसरला काम पडते, सॉफ्टवेअर घालावे लागते आणि मॅकवर त्या सॉफ्टवेअरला पडद्याचे चित्रण करण्याची परवानगी द्यावी लागते. ती परवानगी चालू असताना पैसे भरून पाहायच्या काही चित्रपटसेवा पडदा काळा करतात, कारण त्यांना वाटते कोणी चित्रीकरण करत आहे. भाचीला कोष्टके आणि ईमेलच पाहायचे असल्यामुळे तिचे काही अडले नाही. मजकुराच्या कामाला हा मार्ग पुरेसा आहे. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला तो मी सुचवणार नाही.

गोव्यातल्या पावसात या सगळ्या तारांची वेगळी काळजी लागते. घरात अर्थिंग नीट नसेल आणि लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल, तर एचडीएमआयच्या धातूच्या टोकाला हात लागताच बोटांना झिणझिण्या येतात. अशा वेळी चालू यंत्रात तार खुपसली तर पोर्ट जाण्याची भीती असते. मी लॅपटॉप, हब आणि तिन्ही मॉनिटर अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले आहेत आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की त्या बोर्डाचा प्लगच काढून ठेवतो. न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोपणे घातली आहेत, कारण दमट हवेत पिनांवर हिरवट पुटे चढतात आणि मग चित्र अधूनमधून डोळे मिचकावते.

मॉनिटर निराळे असले की देवनागरीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात येते. लॅपटॉपच्या पडद्यावर स्केलिंग, म्हणजे अक्षरे मोठी करून दाखवण्याचे प्रमाण, १५० टक्के आणि मॉनिटरवर १०० टक्के असल्यास खिडकी एकीकडून दुसरीकडे ओढताना काही जुन्या सॉफ्टवेअरमधली अक्षरे पुसट होतात. त्या पुसटपणात अनुस्वार आणि रफार कुठे आहेत ते कळत नाही. म्हणून शेवटचे प्रूफ मी नेहमी एकाच, मधल्या मॉनिटरवर वाचतो. उजवीकडच्या उभ्या मॉनिटरवर हस्तलिखिताचे पूर्ण पान एका नजरेत मावते आणि डावीकडे शब्दकोश उघडा असतो. देणगीदारांची यादी आता ओळीला ओळ लावून तपासली जाते.

तो स्प्लिटर काही महिने खणात पडून होता. कार्तिकातल्या उत्सवात नाटकाला गर्दी झाली, मंडप भरला आणि मागे उभ्या राहिलेल्या लोकांना रंगमंच दिसेना, म्हणून मंडळाने कॅमेऱ्याची तार बाहेर काढून दोन टीव्ही लावायचे ठरवले. कॅमेऱ्याला एचडीएमआय एकच होते. मी घरी जाऊन ती काळी डबी घेऊन आलो. दोन्ही टीव्हींवर तेच नाटक दिसू लागले आणि दुसऱ्या अंकाची घंटा झाली.